मटाराला मिळालेलं श्रेय : पोट फुगलेल्या एका बेट्टाचा प्रकरण अभ्यास

रात्री साडेनऊला फोन वाजला. पलीकडे अकरा वर्षांची मुलगी, आवाज रडवेला. "मावशी, निळू तळाशी आडवा पडलाय. मेला नाहीये, कल्ले हलतायत. श्वास घ्यायला धडपडत वर येतो आणि परत खाली जातो."

निळू म्हणजे गडद निळ्या रंगाचा, लांब परांचा नर बेट्टा. बहुतेक लोक या माशाला फायटर म्हणून ओळखतात. मुलगी माझ्या मैत्रिणीची. मी बरीच वर्षं बेट्टा पाळते, त्यामुळे ओळखीत कुणाचा मासा आजारी पडला की फोन माझ्याकडे येतो. असे फोन पुष्कळ आले, पण दिवसवार टिपून ठेवलेलं प्रकरण हे एकच. कारण निळूला मटार द्यायचा सल्ला माझा होता.

त्या रात्री फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या. मी येईपर्यंत त्याला काहीही खायला घालायचं नाही, आणि टँकमधलं पाणी काढून पातळी वीतभरावर आणायची. दुसरी गोष्ट तिला पटेना, म्हणून समजावून सांगितली. बेट्टाला कल्ल्यांच्या जोडीला डोक्यात लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो. त्याच्या मदतीने तो थेट हवेतला प्राणवायू घेतो आणि त्यासाठी त्याला पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत यावंच लागतं. तोल गेलेल्या माशाला खोल पाण्यातून वर येणं फार जड जातं. मासा असूनही तो पाण्यात गुदमरू शकतो. हे ऐकल्यावर ती फोन तसाच ठेवून पाणी उपसायचा मग शोधायला धावली.

सकाळी काय दिसलं

टँक २० लिटरचा, स्पंज फिल्टर चालू, थोडी जिवंत झाडं, एक लाकडाचा तुकडा आणि सोबतीला एक मिस्ट्री स्नेल, म्हणजे मोठ्या शंखाची गोगलगाय. मांडणी चांगली होती. निष्काळजी घर नव्हतं, हे मुद्दाम सांगते, कारण आजारी माशाच्या मालकाकडे लोक लगेच संशयाने बघतात.

निळू उजव्या कुशीवर पडला होता. डोक्यामागचा पोटाचा भाग टरटरीत फुगलेला. अशा वेळी मी माशाकडे सर्वांत आधी वरून बघते. ड्रॉप्सीमध्ये शरीरात पाणी साठतं आणि खवले उभे राहतात. बाजूने बघताना ते चटकन लक्षात येत नाहीत, वरून मात्र मासा काटेरी फळासारखा दिसतो. निळूचे खवले अंगाला चपखल चिकटलेले होते. डोळे बाहेर आलेले नव्हते, अंगावर पांढरे ठिपके किंवा कापसासारखं काही नव्हतं, परांच्या कडा शाबूत होत्या. नर असल्यामुळे अंडी अडकण्याचा प्रश्नच नव्हता. रंग थोडा उतरला होता. बोट काचेजवळ नेलं तर डोळा फिरवून बघत होता. मला त्यातल्या त्यात धीर आला तो या नजरेने.

मग पाणी तपासलं. तापमान २२ अंश सेल्सियस. अमोनिया ०.५ पीपीएम, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० च्या आसपास. सायकल पूर्ण झालेल्या, म्हणजे अमोनिया संपवणारे उपयोगी जीवाणू नीट रुजलेल्या टँकमध्ये अमोनिया शून्यच असायला हवा. तो कुठून येतोय, हे लाकूड उचलल्यावर कळलं. खाली मटाराचे तीन-चार बुळबुळीत तुकडे होते, त्यावर पांढरी बुरशी, शेजारी काकडीच्या बिया आणि काळं पडलेलं पालकाचं पान.

"हे सगळं निळूचं?" मी विचारलं.

"काकडी गोगलगायीची. पण तोही खातो ना! त्याला आवडतं. मी सगळं लिहून ठेवलंय," असं म्हणून तिने वही आणली.

वहीतली नोंद

या प्रकरणात काही समजलं असेल तर ते त्या वहीमुळे. रेघा मारून चार रकाने केलेले : तारीख, सकाळ, संध्याकाळ, खाऊ. चार महिन्यांत एकही दिवस सुटलेला नाही. मोठी माणसं "थोडंसंच देतो हो" असं सांगतात, आणि ते थोडंसं म्हणजे किती हे शेवटपर्यंत कळत नाही. इथे दाणे मोजलेले होते.

पहिल्या दीड महिन्यात सकाळी ६ पेलेट (तयार खाद्याचे दाणे), संध्याकाळी ६ पेलेट आणि खाऊच्या रकान्यात बहुतेक रोज तीन-चार सुके ब्लडवर्म, म्हणजे वाळवलेल्या लाल अळ्या. साधारण एक मिलिमीटरचे पेलेट धरले तरी या आकाराच्या माशाला हे जवळपास दुप्पट झालं. सुके ब्लडवर्म तर कोरडेच टाकलेले. ते पाणी शोषून फुगतात, आणि माशाने कोरडे गिळले तर पोटात जाऊन फुगतात. तेव्हाच कधीतरी निळूचं पोट पहिल्यांदा सुजलं आणि मैत्रिणीने मला विचारलं. मी दुसऱ्याच कामात होते. म्हटलं, मटार उकडून, साल काढून, बारीक तुकडा दे, पोट साफ होईल. दुसऱ्या दिवशी "झालं!" असा निरोप आला. मलाही बरं वाटलं आणि मी विसरून गेले.

वहीत त्या पानावर हिरव्या पेनाने मटाराचं चित्र आणि तीन तारे आहेत. मी मात्र त्याच्या वरच्या ओळी बघत राहिले. तारे असलेल्या दिवसाच्या आधीचे दोन दिवस सगळ्या रकान्यांत "बाहेरगावी" असं लिहिलं होतं. म्हणजे घरचे सगळे बाहेर होते आणि निळूचा दोन दिवस कडकडीत उपास झाला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी परत आल्यावरची नोंद अशी : "पोट कमी दिसतंय." आणि संध्याकाळी : "मटार दिला." दुसऱ्या सकाळी विष्ठा, आणि तीन तारे.

मटार तोंडात जाण्याआधीच पोट उतरायला लागलं होतं. काम उपासाने केलं आणि तारे मटाराला मिळाले. ती एक ओळ मुलीने प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती. तिच्या आईने ती वाचली नव्हती आणि मी तर वही बघितलीच नव्हती.

त्यापुढची पानं वाचताना वाईट वाटत गेलं. औषध म्हणून आलेला मटार आधी आठवड्यातून एकदा, मग "पोट साफ राहावं म्हणून" दोनदा, मग एक दिवसाआड. गोगलगायीसाठी सोडलेल्या काकडीला निळूने चोच मारल्यासारखं केलं, तेव्हा काकडीही त्याच्या खाऊत आली. मग पालक. शेवटचे दोन आठवडे रोज काही ना काही हिरवं होतंच. पेलेट एकानेही कमी झाले नव्हते. खाऊ हा जेवणाच्या वर होता.

तुकड्याचा आकार विचारला, तर तिने बोटावर दाखवला : मटाराचा पाव भाग. आपल्याला तो कण वाटतो. बेट्टाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं असं पाळणारे सांगतात. पोट ताणलं जातं, त्यामुळे हे माप काटेकोर नाही, तरी घास ठरवायला ते उत्तम आहे. मटाराचा पाव भाग निळूच्या डोळ्याच्या कितीतरी पट होता.

मटार आला कुठून

माझ्या डोक्यात हा सल्ला आला तो गोल्डफिशवरून. सुरुवातीची वर्षं मी गोल्डफिश पाळले आणि त्यांच्यात उकडलेला मटार चालतो, हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण गोल्डफिश कार्पच्या कुळातला मासा. त्याला आपल्यासारखं जठरच नसतं, लांब आतडं असतं, आणि तो दिवसभर तळ हुंगत शेवाळ, कोवळी झाडं, किडे, जे मिळेल ते थोडं थोडं चरत असतो. वनस्पती त्याच्या रोजच्या खाण्यातली आहे.

बेट्टाची घडण निराळी. आपण घरात पाळतो त्या जातीचं बेट्टा स्प्लेंडेन्स हे शास्त्रीय नाव १९१० साली टेट रेगन यांनी दिलं. तिचं मूळ घर थायलंडमधल्या चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातली उथळ, संथ, झाडझाडोऱ्याने भरलेली पाणथळ आणि भातखाचरं. तिथे हा मासा डासांच्या अळ्या, पाण्यात पडलेले किडे, पाणपिसवांसारखे बारीक कवचधारी जीव पकडून खातो. त्याचं तोंडच बघा, वरच्या दिशेला वळलेलं असतं, पृष्ठभागावरची शिकार टिपण्यासाठी. आतडं आखूड, मांस पचवण्यासाठी बनलेलं. वनस्पतीच्या पेशींची भिंत सेल्युलोजची असते. ती फोडणारं पाचक द्रव्य त्याचं शरीर तयार करत नाही, आणि शाकाहारी माशांच्या लांब आतड्यात जंतूंना जो सावकाश वेळ मिळतो तोही इथे मिळत नाही.

एका फुलदाणीत पीस लिलीचं झाड, खाली पाण्यात बेट्टा, आणि मासा म्हणे मुळं खाऊन जगतो, अशी एक सजावट मध्यंतरी फार लोकप्रिय झाली होती. त्या फुलदाण्यांमधले मासे मुळं कुरतडताना दिसले असतील, पण ते भुकेने. असे मासे हळूहळू उपासमारीने मेले, आणि मुळांनी पृष्ठभाग व्यापल्यावर काहींना हवाही मिळाली नाही. वनस्पती खाणारा बेट्टा ही समजूत तिथूनही पसरली. ती मला फार खुपते.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. बेट्टाच्या चांगल्या पेलेटमध्येही गहू, सोया, कधी मटाराचं पीठसुद्धा असतं. दाणा बांधून ठेवायला पिष्ट लागतंच. ते शिजवून, दाबाखाली काढलेलं असल्यामुळे त्याला तितकं जड जात नाही, आणि त्याचं प्रमाण मासे, झिंगे, अळ्या यांच्यापेक्षा कमी असलं म्हणजे झालं. डब्यावरच्या घटकांच्या यादीत पहिली दोन-तीन नावं प्राण्यांची आहेत का, एवढं बघावं. तेव्हा भाजी हे बेट्टासाठी विष नाही. निरोगी माशाने मऊ मटाराचा एक कण गिळला तर काही होणार नाही. निळूच्या बाबतीत अडचण झाली ती मात्रेची, सातत्याची, आणि तिसऱ्या एका गोष्टीची, जिच्याकडे घरात कुणाचंच लक्ष नव्हतं.

बावीस अंश

वहीत तापमानाचा रकाना नव्हता, पण काचेवर पट्टीचा थर्मामीटर होता. मुलीला आठवलं की आधी हिरवा रंग २७ वर असायचा, थंडी पडल्यापासून, म्हणजे गेले तीन आठवडे, तो २२ वर आहे. हीटर नव्हता. उन्हाळ्यात त्याची गरज भासली नव्हती.

माशाचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. पाणी जेवढं गरम तेवढाच तो. पाणी १० अंशांनी उतरलं तर शरीरातल्या क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो. पाच अंशांचा फरकही पचनाला जाणवतो. बेट्टाला २५ ते २८ मानवतं. निळूचं आतडं मंदावलेलं, वर रोजचे १२ पेलेट, वर न पचणारा हिरवा चोथा. एवढं सगळं साठल्यावर शेजारच्या वाताशयावर दाब येणं स्वाभाविक होतं. वाताशय म्हणजे स्विम ब्लॅडर, माशाला पाण्यात तोलून धरणारी हवेची पिशवी.

इथे एक गैरसमज नेहमी पुढे येतो : मासा वर येऊन हवा गिळतो, ती हवा वाताशयात अडकते आणि तो कलतो. पूर्ण वाढलेल्या बेट्टामध्ये अन्नमार्ग आणि वाताशय यांना जोडणारी नळी उघडी नसते. वाताशयातला वायू रक्तातून आत-बाहेर होतो. गिळलेली हवा तिथे पोचतच नाही. म्हणून "बुडणारे दाणे द्या, हवा कमी गिळली जाईल" हा उपाय मी सुचवत नाही. दाब बाहेरून येतोय, तो काढायचा.

आईने विचारलेला प्रश्न मला फार रास्त वाटला. "अगं, पण तो तर मटारावर झडप घालायचा. नको असतं तर खाल्लं असतं का?" शिकारी मासा झडप घालण्याआधी घास निवडत बसत नाही. वरून काहीतरी लहानसं पडलं, हललं, की तो झडप घालतो. तळ्यात पाण्यावर पडणारी वस्तू बहुतेक वेळा किडाच असते, त्यामुळे ही सवय त्याच्या कामाची आहे. आपल्या हातून मटार पडेल याची तिथे तरतूद नाही.

सहा दिवस

औषधाची बाटली उघडण्याची घाई मी केली नाही. खवले उभे असते, डोळे सुजले असते, तर माशांची माहिती असणाऱ्या पशुवैद्याकडे नेलं असतं. इथे कारण समोर दिसत होतं.

क्रम महत्त्वाचा होता. पाणी लगेच गरम करावं असं कुणालाही वाटेल. पण अमोनियाचा विषारी भाग तापमान आणि पीएच वाढला की वाढतो, म्हणून अमोनिया असलेलं पाणी तसंच तापवणं धोक्याचं. आधी कुजलेलं सगळं काढलं, तळ नळीने ओढून घेतला, फिल्टरचा स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळला (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यावरचे उपयोगी जीवाणू मारतं) आणि क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं पाणी भरलं.

निळूला वेगळ्या उघड्या टबात ठेवलं. आठ लिटर पाणी, उंची वीतभरच, तळाला वाळू नाही, फक्त एक रुंद पान पृष्ठभागाजवळ टेकायला. तळ मोकळा ठेवण्याचं कारण साधं : विष्ठा दिसली पाहिजे. टबात एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, अर्ध्या छोट्या चमच्याहून कमी, आधी पेल्यात विरघळवून मग हळूहळू ओतलं. माझं प्रमाण २० लिटरला एक सपाट छोटा चमचा असं असतं, तेच इथे मोजून घेतलं. हे मीठ आतडं सैल करायला मदत करतं. मत्स्यालयाचं साधं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, ते वेगळं. फुगलेल्या पोटावर ते वापरू नये. नावं सारखी असल्यामुळे इथे चुका होतात. लहान हीटर लावून तापमान दीड दिवसात सावकाश २६ वर नेलं. टबाला फिल्टर नसल्यामुळे रोज निम्मं पाणी बदलायचं आणि बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ पुन्हा घालायचं.

पहिला आणि दुसरा दिवस उपास. हे सगळ्यांत कठीण गेलं, माशाला नाही, मुलीला. टबाजवळ ती गेली की निळू आडवा असूनही तिच्याकडे सरकायचा. "तो मागतोय, मावशी." मी तिला सांगितलं की धडधाकट बेट्टा काही दिवस अन्नाशिवाय सहज राहतो, आणि आत्ता त्याच्या आत आधीचंच जेवण अडलंय. पटलं असं म्हणणार नाही. तिने ऐकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन : "आली!" फिकट, लांब, दोऱ्यासारखी विष्ठा. त्यात हिरवे ठिपके होते. संध्याकाळी मी ती ड्रॉपरने उचलून पांढऱ्या बशीत घेतली आणि भिंगातून पाहिली. मटाराचे कण होते, गिळले तसेच. कडा जराशा मऊ झालेल्या, बाकी जसेच्या तसे. इतकी वर्षं मी "चोथ्याने पोट साफ होतं" म्हणत होते. बशीतला तो चोथा कमीत कमी तीन दिवस आत अडकून होता. मैत्रिणीलाही भिंग दिलं. कुणी काही बोललं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दुसरी विष्ठा, तपकिरी, आखूड, नेहमीसारखी. पोटाची कड खाली आलेली. निळू पानावर सरळ बसला होता, अजून किंचित उजवीकडे कललेला, पण सरळ.

पाचव्या दिवशी जेवण. गोठवलेल्या डाफ्नियाचा तुकडा वितळवून, गाळून, ड्रॉपरने दहा-बारा जीव त्याच्या तोंडासमोर सोडले. डाफ्निया म्हणजे पाणपिसू. तिचं कवच कायटिनचं असतं, ते पचत नाही, आणि चोथ्याचं काम करतं. बेट्टाच्या पोटाला हलकं करायचं असेल तर हा चोथा त्याच्या ओळखीचा आहे, कारण रानात तो तेच खातो. मटाराकडून आपण जी अपेक्षा करतो ती पाणपिसू पुरी करते, शिवाय त्यातून प्रथिनंही मिळतात. निळूने एकेक टिपून घेतला. ते बघताना मुलीने माझा हात घट्ट धरला होता.

सहाव्या दिवशी मोठ्या टँकचा अमोनिया शून्य आला. हीटर तिकडे लावला, तापमान टबाएवढं झालं, आणि निळू घरी गेला.

पुढचे दीड महिने

नवीन वेळापत्रक लहान आहे : सकाळी ३ पेलेट, संध्याकाळी ३ पेलेट, आधी मिनिटभर टँकच्या पाण्यात भिजवलेले, आठवड्यातून दोन संध्याकाळी पेलेटऐवजी डाफ्निया किंवा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले झिंग्यासारखे बारीक जीव), एक दिवस पूर्ण सुट्टी. सुके ब्लडवर्म बंद. गोठवलेले ब्लडवर्म पंधरा दिवसांतून एकदा, दोनच. जिवंत खाद्याचा विषय आईने काढला होता. घाणेरड्या साठलेल्या पाण्यातून धरलेले जीव परजीवी घेऊन येतात, म्हणून या माशासाठी तरी नको म्हटलं.

खरा पेच खाऊचा होता. त्या मुलीला मोजून दाणे टाकण्यात आनंद नव्हता, तिला काहीतरी खास द्यायचं होतं. मला ते अगदी समजतं. मग आम्ही ठरवलं की रोजच्या सहा दाण्यांमधला एक तिने ओल्या बोटाच्या टोकावर धरायचा आणि निळूला तो वर येऊन घ्यायला शिकवायचं. चार दिवस तो बोटाला घाबरला. पाचव्या दिवशी घेतला. दाणे सहाच्या वर गेले नाहीत, आणि बोटावरचा दाणा हा खाऊ झाला.

दोन गोष्टी मनासारख्या झाल्या नाहीत. निळूचा हलका उजवा कल राहिलाच आहे. पोहताना कळत नाही, विसावताना दिसतो. बरेच दिवस दाब राहिल्याचा तो परिणाम असावा, असं मी धरून चालले आहे. लांब परांचे नर तसेही पोहायला जड असतात, म्हणून पृष्ठभागाच्या खाली दोन बोटांवर टेकायला रुंद पान कायमचं लावून ठेवलंय. आणि चौथ्या आठवड्यात पाहुण्यांपैकी कुणीतरी चिमूटभर पेलेट टाकले. पोट पुन्हा थोडं वर आलं. या वेळी काही केलं नाही. दोन दिवस उपास, पाणी २६ वर. तिसऱ्या दिवशी उतरलं. टबही नाही, मीठही नाही, डाफ्नियासुद्धा नंतर.

पहिल्या वेळी मी पाणी, ऊब, मीठ आणि उपास सगळं एकदम केलं होतं. त्यामुळे श्रेय कुणाला किती, हे वेगळं काढता आलं नाही, आणि एप्सम सॉल्टला मी तारे देणार नाही. या दुसऱ्या वेळेने मात्र उपास आणि ऊब यांची बाजू माझ्यापुरती भक्कम केली. आता कुणी फुगलेल्या बेट्टासाठी फोन केला की मी आधी दोन प्रश्न विचारते : पाणी किती अंश, आणि रोज किती दाणे. मटाराचं नाव समोरचा काढतो, मी नाही.

भाज्या त्या घरात अजून टँकमध्ये जातात, गोगलगायीसाठी. तिला त्या पचतात आणि लागतातही. पण आता दिवा बंद झाल्यावर, निळू पानावर झोपला की मगच. परवा गेले होते तेव्हा वही उघडीच होती. खाऊचा रकाना खोडून तिथे "गोगलगाय" असं लिहिलंय, शेजारी तापमानाचा नवा रकाना. शेवटची नोंद : "काकडी १ चकती. रात्री ९ ला टाकली, सकाळी ७ ला काढली. निळू उठायच्या आत. २६."